अर्ध्या गोळ्या

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अंतराळयानात सगळं ठीक. प्रवास निम्मा झाला, निम्मा बाकी. माझी दाढ मात्र सुजली आहे. आमच्या डॉक्टरीणबाईंनी अँटिबायोटिक दिलं, तरी गाल उतरत नाही आणि आता कणकणही येते. तुला म्हणून सांगतो, मी गोळी अर्धीच घेतो, उरलेली पाकिटात ठेवतो. इथे कोपऱ्यावर औषधाचं दुकान थोडंच आहे! पुढे कुणाला जास्त गरज पडली तर? शेवटी आईचंच वळण. बाईंना कळवू नकोस, आईलाही नको.

रागावलीस तरी लिही.

तुझा धाकटा

६ मार्च

चि. धाकटोबास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून तिडीक गेली डोक्यात. अरे शहाण्या, यानाच्या औषधपेटीत त्या गोळ्या भरल्या कुणी? मीच ना? पुढच्या दुखण्यांचा विचार करूनच भरल्यात. वजन वाचावं म्हणून बाटल्यांतून काढून पातळ पाकिटांत घातल्या, त्यामुळे त्यांचा जोर लवकर ओसरतो. तू राखून ठेवलेली अर्धी कुणाच्याच कामाची नाही. आणि घेतलेल्या अर्धीने जंतू मरत नाहीत, निर्ढावतात. विष रक्तात भिनलं तर तुला कुठल्या इस्पितळात न्यायचं? मला भीती वाटते रे. बाईंना आत्ताच्या आत्ता सांग. आईला मी सांगणार आहे, मग बस बोंबलत.

तुझ्या काळजीत असलेली,
ताई

१९ मार्च

ती. ताईस,
सा. न.

सांगितलं. बाईंनी माझी बिनपाण्याने केली आणि दुसरं औषध दिलं. रोज समोर उभं राहून गिळायला लावतात. सूज उतरली, ताप गेला. आई फार रागावली का?

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा धाकटा

२१ मार्च

चि. धाकटोबास,
अनेक आशीर्वाद.

हुश्श! जिवात जीव आला.

आई रागावली नाही. ऐकून घेतलं, उठली, फडताळातून एक डबी आणून माझ्यासमोर उपडी केली. तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या, सगळ्या अर्ध्या. तू गेल्यापासून साठवत होती. मी कपाळाला हात लावला. त्या टाकून दिल्या, आणि आता रोज सकाळी ती माझ्यासमोर अख्खी गोळी घेते. आज पेला खाली ठेवून म्हणाली, त्याला कळव, मी पुरी घेतली. तो येईल तेव्हा दार मलाच उघडायचंय.

आम्हा दोघींचा जीव तुझ्यात आहे, एवढं ध्यानात असू दे.

ताई