फोटोत न आलेली खूण

मंगळवार, २४ ऑगस्ट
पुराचं पाणी उतरलं, चिखल तसाच. पूरग्रस्तायसाठी उघडलेल्या शाळेत आता एकच लेकरू राह्यलं, बाकीच्यायची घरची माणसं येऊन घेऊन गेली. ही तीनेक वर्षाची पोरगी. वरच्या गावच्या लोकायनं ट्रॅक्टरवर आणून सोडली, कोणाची ते त्यायलेही माहीत नाही. बोलत नाही. अंगणवाडीत पंधरा वर्षं झाली मले, इतकं गप लेकरू पाह्यलं नाही.

बुधवार, २५
सकाळी गडबडीत व्हॉट्सॲपवर फोटो टाकला. खाली लिहिलं: पिवळा फ्रॉक, कमरेले काळा दोरा, डाव्या पायावर भाजल्याचा डाग. दुपारी सुपरवायझर मॅडमचा फोन. "अहो ताई, सगळ्याच खुणा सांगून टाकल्या. आता घ्यायला येईल त्याला विचारणार काय?"
खरंच की. कुठं गेली होती अक्कल माझी.
जेवताना ती भाकरीचा एक तुकडा बाजूले काढते अन् शेजारच्या बकरीले नेऊन चारते. हे मात्र कोणाले सांगितलं नाही. एवढंच हातात उरलं.

गुरुवार, २६
एक माणूस आला. मामा हाय म्हणे. बहीण दवाखान्यात, शुद्धीत नाही. कागदपत्रं वाहून गेली. फ्रॉक, दोरा, डाग, सारं घडाघडा सांगितलं. खात्रीआधी लेकरू दाखवाचं नाही असा नियम. ती आत झोपली होती.
विचारलं, "जेवताना काय करते?"
"मले कसं मालूम असंल बाई? वर्सातून दोनदा येनं होते माझं."
म्हटलं, मॅडम येतीन, उद्या या.
"तुमचंच लेकरू हाय काय?" म्हणे, अन् निघाला. नंबर तेवढा घेतला. बहिणीचं नाव, दवाखाना कोणता, विचाराचंच राहून गेलं. तो रागात, मी थकलेली.
गळ्यातला दुपट्टा बाकावरच राह्यला त्याचा. पाच वाजता ती उठली, दुपट्टा ओढून घेतला, त्यात तोंड खुपसलं. "मामा," म्हणे. इथं आल्यापासूनचा पयला शब्द.
लगेच त्याचा नंबर लावला. लागला नाही.

शनिवार, २८
काल तो आला नाही. नंबर लागत नाही, तिकडचा टावर बंद हाय म्हणतात. मॅडम एकेक दवाखाना विचारून राह्यल्या. दुपट्टा म्हणजे पुरावा नाही, म्हणतात. बरोबर हाय त्यायचं. मीही केलं ते बरोबरच केलं. मंग रडू काऊन येते?
आज तिनं भाकरीचे दोन तुकडे काढले. एक बकरीले दिला. दुसरा दुपट्ट्यात गुंडाळून दारात बसली हाय.