बियाण्याच्या कोठीतल्या शिश्या

१२ जानेवारी १९५३, आमगाव
बायकोला, सुमनला, क्षयच. गोंदियाच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाकडे धरून दाखवला. स्ट्रेप्टोमायसिनची सुई, रोज एक, दोन महिने. किंमत दोनदा विचारून घेतली. आज शाळेत मुलांसमोर पाढा चुकलो. भीती वाटते, फार वाटते.

१९ जाने.
सायकल विकली, तिच्या पाटल्याही. महिन्याच्या शिश्या आणल्या. डॉ.चा भाऊ लंडनला असतो. त्याचं पत्र वाचून दाखवलं. हीच शिशी, हीच कंपनी, पण तिकडे रोग्याला पैसा पडत नाही. चिडून म्हटलं, मग आम्हीच कायले भरायचे? डॉ. म्हणाले, "गुरुजी, वहाँ सरकार पूरे मुल्क के लिए एकसाथ खरीदती है, तो कंपनी भाव उतारती है. इथं तुम्ही एकटे." वर जहाज, जकात, मुंबईचा दलाल, नागपूरचा दुकानदार. बाजारात वांग्यांचा भाव पाडता येतो मला. इथे कोणाशी भांडू?

८ फेब्रु.
ताप पुन्हा चढला. सुई तर वीस जानेवारीपासून रोज चालू आहे. मग असं का? सुई टोचायला डॉ.चा कंपाउंडर येतो तेव्हा मी शाळेत. विचारलं तर नजर चुकवतो.

११ फेब्रु.
उंदीर लागले म्हणून बियाण्याची कोठी उघडली. धानात फडक्याची पुरचुंडी, आत अकरा शिश्या.
सुमन म्हणाली, "एक दिवसाआड घेऊन राहिली मी. साऱ्या संपवल्या न् उद्या शांतीले झालं त? बियाणं कोणी खाऊन टाकते का?"
शांती आमची, सात वर्षांची. मी ओरडलो, मग तिच्याआधी मीच रडलो.

१३ फेब्रु.
डॉ. संतापले. अर्धवट औषधाला रोग सरावतो, पुढे पूर्ण दिलं तरी लागू पडेलच असं नाही. पुन्हा पहिल्यापासून, रोज. घरात विकण्यासारखं आता काही नाही. "और बच्ची को दिखाओ," म्हणाले. चार दिवस खोकतेय ती. डॉ.चं हे बोलणं सुमनला सांगितलं नाही, पण तिला कळलंच.

१६ फेब्रु.
उद्या शांतीचा फोटो. सकाळी मुद्दाम घरी थांबलो. सुमनने दंड पदराखाली झाकला. "मले नोको. पोरीचा फोटो येऊ द्या आधी."
कंपाउंडर शिशी हातात घेऊन माझ्याकडे पाहत होता. "गुरुजी, फोडू का?"
फोड म्हणालो. तो थांबूनच राहिला, पुन्हा म्हणालो. सुई टोचली तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून राहिली.
उरलेल्या शिश्या दोघींना पुरणार नाहीत. उद्या फोटो वाईट निघाला, तर परवा सकाळी कोणासाठी फोड म्हणायचं?