गोजराआत्याच्या कानात कोण राहतं

जुईनगर, शुक्रवार

प्रिय गोजराआत्या,

आपल्या सुनयनाच्या हळदीत आपण दोन वर्षांनी भेटलो. तुझ्या कानात कापूस बघून मी दुसऱ्याच दिवशी नमुना घ्यायला कापसाची काडी घेऊन आले, तेव्हा तू हसलीस. “कानान काय हाय? जरा पानी येतं, तं येतं.” पण मी लॅबमध्ये दिवसभर परक्यांचे जंतू वाढवते, माझ्या आत्याच्या कानात दहा वर्षं कोण राहतंय, हे मला बघायचंच होतं.

तो नमुना लॅबमध्ये काचेच्या बशीत वाढायला ठेवला. एका दिवसाने झाकण उचललं आणि पिकल्या द्राक्षांचा वास आला! तू एपीएमसी बाजारात फळं विकायचीस आणि मी पेट्यांवर बसून अभ्यास करायचे, अगदी तसा. बशीत हिरवट थर. या जंतूची ओळखच ही. नाव स्यूडोमोनास. ओल्या जागी सुखाने नांदतो. कानाच्या पडद्याला भोक मिळालं, तो मधल्या कानात जाऊन बसला.

मग दुसऱ्या बशीत तो पसरून वर औषधांत भिजवलेल्या कागदी टिकल्या ठेवल्या. औषध लागू पडलं तर टिकलीभोवती स्वच्छ गोल उमटतो. सकाळी मॅडमच्या आधी जाऊन बघितलं. तू मेडिकलमधून आणतेस त्या थेंबांतल्या औषधाच्या टिकलीला जंतू खुशाल चिकटून वाढलेले. कान वाहिला की चार दिवस थेंब, थांबला की बंद. त्यातून जे तगले, तेच वाढत गेले असणार. पण तीन टिकल्यांभोवती चांगले मोठे गोल होते. मी एकटीच टाळ्या वाजवत होते!

सोमवारी फोनवर तुला सगळं सांगितलं. जुने थेंब बंद कर, गुरुवारी कानाच्या डॉक्टरांकडे ये. तू “हा गो, हा” म्हणालीस. काल मी दवाखान्यात दीड तास थांबले. मग रागानेच पावणे गावात तुझ्या घरी आले, तर तू ओट्यावर बसून तेच थेंब घालत होतीस. मी मागून दोनदा हाक मारली. तू वळली नाहीस. मी तशीच परत फिरले. पुढे यायचं धैर्यच झालं नाही.

कारण माझ्या अभिरामच्या बारशाचं आमंत्रणही मी फोनवरच दिलं होतं. तेव्हाही तू “हा गो, हा” म्हणालीस, आली नाहीस, आणि मी दोन वर्षं तुझ्याशी अबोला धरला. तुला ऐकूच आलं नव्हतं. सांगायची तुला लाज वाटली असेल. मला मात्र विचारायचं सुचलं नाही. चुकलं माझं. म्हणून हे कागदावर, मोठ्या अक्षरांत लिहितेय: ते थेंब आजच टाकून दे. सोमवारी दहाला मी न्यायला येते. कान कोरडा झाला की पडदा बसवता येईल, असं डॉक्टर म्हणतात. अभिरामला सोबत आणते. त्याने तुला अजून पाहिलेलं नाही.

तुझीच,
सुचिता