दुसरी किल्ली शिंप्याकडे

तीर्थरूप मामांस,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. एरवी एकच घालतो, या खेपेस दोन घालतोय. दुसरा आगाऊ समजा. तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींचा खोकला गेला का? दुकानाचं शटर अजून अर्ध्यावर अडकतं का? (जगाची कुलपं उघडणाऱ्या माणसाचं स्वतःचं शटर अडकावं, याचं मला लहानपणापासून नवल वाटतं. राग नसावा.) इकडे मी ठणठणीत आहे. निदान अंगाने.

मामा, संमेलन काय झालं म्हणून सांगू! ज्या फुकटच्या सॉफ्टवेअरवर तुमच्या दुकानाची वेबसाइट उभी आहे, ते वापरणारे, दुरुस्त करणारे आणि त्याला नावं ठेवणारे चारशे लोक एका छताखाली! आयुष्यात पहिल्यांदा असं झालं की मी माझं काम सांगितलं आणि समोरच्याने आपला बिघडलेला प्रिंटर पुढे केला नाही. गळ्यात ओळखपत्र, पिशवीत सतरा स्टिकर (सोळा लॅपटॉपवर लावले, एक चष्म्याच्या डबीवर बसला तो आता निघत नाही). शिवाय इथे राबणारे सगळे हौसेने राबतात. एका प्लगिनला, म्हणजे साइटला वरून जोडायच्या तयार भागाला, मी सहा वर्षं रोज सकाळी शिव्या घालतोय. ते बनवणारा दाढीवाला गृहस्थ स्वतः काउंटरमागे उभा राहून लोकांना कॉफी देत होता. भेटला की चार शब्द सुनावायचे असं मी केव्हाचं ठरवलं होतं. त्याने साखर किती विचारलं आणि माझ्या तोंडून बाहेर पडलं, "तुमचं प्लगिन फार सुंदर आहे हो." वर कॉफीचे आभारही मानले.

दुपारी माझं भाषण होतं, हे तुम्हाला ठाऊक आहेच (आईने ते कोणाला कळवायचं बाकी ठेवलेलं नाही). विषय होता बॅकअप, म्हणजे साइटची राखीव प्रत. तुम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला कुलूप देताना बजावता ना, की दुसरी किल्ली स्वतःच्या घरात ठेवू नका, दुसऱ्याच्या घरी ठेवा? तिथूनच सुरुवात केली. आधी हशा, आणि मग मामा, लोक लिहून घ्यायला लागले! मी बोलतोय आणि लोक लिहून घेतायत! पहिल्या रांगेत येऊन बसलेल्या त्या कॉफीवाल्या दाढीवाल्याने तर पडद्याचा फोटो काढला. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. भाषण तिथेच संपवलं असतं तर हे पत्र निम्म्यात आटोपलं असतं.

पण मी म्हणालो, नुसतं बोलून काय उपयोग, करूनच दाखवतो. तुमच्या साइटची एक नक्कल मी सरावासाठी बनवली होती, त्यात नमुन्याला पहिली बारा कुलपं. ती सगळ्यांसमोर पुसायची आणि बॅकअपवरून दोन मिनिटांत परत उभी करायची, असा बेत. लॅपटॉपवर दोन खिडक्या उघड्या होत्या, एकीत नक्कल, दुसरीत अस्सल. पहिलं पान दोन्हीचं हुबेहूब सारखं (नक्कल मी उत्तम केली होती, एवढं श्रेय द्या). पुसलं. टाळ्या पडल्या. वर पाहतो तर पत्ता अस्सल साइटचा! तोंडचं पाणीच पळालं. तरी म्हटलं, बॅकअप आहे ना. तो शोधायला गेलो तर तोही नाही. कारण तो मी त्याच साइटच्या फोल्डरमध्ये ठेवला होता, आणि फोल्डर तर मीच पुसला होता. तुमच्या भाषेत सांगायचं तर दुसरी किल्ली कपाटात ठेवली, आणि कपाटच जाळून टाकलं. (सर्व्हरवाल्यांचा स्वतःचा बॅकअप असतो, पण जागा अडते म्हणून मागच्या वर्षी तो बंद कोणी केला, हे विचारू नका.)

मामा, तुमची बाराशे चाळीस कुलपं गेली. तीन वर्षं तुम्ही एकेक कुलूप टेबलावर मांडून फोटो काढलेत, मामी मागे चादर धरून उभ्या राहिल्या, निम्म्या फोटोंत त्यांचा अंगठा आला. तो अंगठाही गेला. लोकांना वाटलं हा भाषणातलाच विनोद आहे, ते पोट धरून हसत होते. मला मात्र रडू येत होतं. एकटा दाढीवाला हसला नाही. तो वर आला, पडद्याकडे पाहिलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "तुमची दुसरी किल्ली कोणाच्या घरी आहे?"

असो. एकंदरीत संमेलन फारच छान झालं. मामींना नमस्कार.

आपला आज्ञाधारक (सोमवारपासून खराच),
भाचा

ता. क. दुकानाची साइट सध्या उघडू नका. तिथे नुसतं "नमस्कार जग" असं दिसेल (कोऱ्या साइटवर ते आपोआप येतं). गिऱ्हाइकांनी विचारलं तर रंगकाम चालू आहे म्हणून सांगा.

ता. क. दुसरा. साइट बनवली त्या दिवशी तुम्ही विचारलं होतं, "याची दुसरी किल्ली कुठाय?" मी इतका हसलो की मामी आतून बाहेर आल्या. तरी तुम्ही दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मला बसवून सगळी साइट पेनड्राइव्हवर भरून घेता, किल्लीला बांधतात तसा त्याला पत्र्याचा बिल्ला बांधता आणि शेजारच्या शिंप्याच्या खिळ्याला अडकवून येता. मी त्याला तुमचं खूळ म्हणत आलो. मामा, ते खूळ अजून खिळ्यावर आहे ना? हे पत्र हातातून खाली ठेवा आणि आधी बघून या.

ता. क. तिसरा. भाषणात तो नियम मी माझा म्हणून सांगितला होता. दाढीवाल्याने विचारल्यावर मात्र राहवलं नाही. माइकवरच सगळं खरं सांगितलं, तुमच्या खिळ्यासकट. तेव्हा सगळं सभागृह उभं राहिलं, मामा, आणि त्या टाळ्या माझ्यासाठी नव्हत्या. पुढच्या वर्षी पहिलं भाषण तुम्ही करायचं आहे. मी हो सांगून टाकलंय.

ता. क. चौथा आणि शेवटचा. पेनड्राइव्ह न्यायला मी स्वतःच येतोय. मी पोहोचायच्या आत त्याची आणखी एक प्रत काढून शिंप्याकडे ठेवा. माझ्या हाती एकुलती एक वस्तू कधी देऊ नका.