घरगाडीची सातवी सूचना

धायरी, पुणे
मंगळवार

चिरंजीव श्रीधरभावजी यांस,

अनेक उत्तम आशीर्वाद. (एकसष्टी झालेल्या माणसाला चिरंजीव लिहिताना हात जरा अडखळतो, पण मी तुमची थोरली वहिनी आहे, त्याला तुमचा इलाज नाही.) पाठ कशी आहे? नीरजाचे गुडघे काय म्हणतात? मिरजेत थंडी पडली असेल तर तिला डिंकाचे लाडू द्यावेत आणि आपण त्या डब्यापासून लांब राहावे. माझी प्रकृती उत्तम. काल तासभर ओल्यात बसूनही साधी शिंक आली नाही, आणि ते ओले कसे झाले हे कळवायलाच कागद घेतला आहे.

तुम्ही घरगाडीला गिऱ्हाईक शोधलेत, ते रविवारी येणार आणि त्यांना आतला नळ चालू असलेला पाहायचा आहे, हे तुमच्या फोनवरून कळले. तुम्ही म्हणता ते खरे. हे जाऊन दहा महिने झाले. मी एकटीने चाकांवरचे घर सांभाळून करायचे काय? जुन्या टेम्पोत पलंग, ओटा, बेसिन आणि पाण्याची टाकी बसवण्यात तुमच्या दादांची निवृत्तीनंतरची तीन वर्षे गेली. तेवढ्यात लोक काशी-रामेश्वर करून येतात. आमचा पहिला मुक्काम ठरला होता खडकवासल्याला (काही विसरले तर घरी येऊन नेता यावे म्हणून). तोही झाला नाही. गाडी अजून शेजारच्या सर्जेरावांच्या गोठ्यामागे उभी आहे आणि बाहेरचा नळ त्याच गोठ्याच्या भिंतीला आहे. तेव्हा काल सकाळी पदर खोचून मी गाडीला पाणी जोडायला गेले.

पाणी कसे जोडायचे ते ह्यांनी कपाटाच्या दारावर आतून लिहून ठेवले आहे. अक्षर तुम्हाला ठाऊकच आहे. तुमचेही तसेच, मामंजींनी दोघांना एकाच छडीने वळण लावलेले. पहिली सूचना : नळीतून आधी थोडे पाणी वाहू द्यावे, आत पाल असल्यास तिला उतरू द्यावे. दुसरी : क्लिप घट्ट पिळावी, लोणच्याच्या बरणीची 'घट्ट' इथे चालणार नाही. (हे मला उद्देशून. अडतीस वर्षांत बरणी एकदा गळली.) अशा सहाही सूचना मी मुकाट्याने पाळल्या. सहावी होती, नळ अर्धाच सोडावा, धरण आपल्या मालकीचे नाही. टाकीत पाणी पडल्याचा आवाज येऊ लागला, इतका छान, की ह्यांना दाद द्यायला मी मागे वळले. मग सातवी वाचायला आत गेले. तिथे सातचा आकडा आहे. पुढे काही नाही.

भावजी, ते सात लिहीत होते तेव्हा मीच हाक मारली होती, चहा गार होतोय म्हणून. पेन ठेवून आले, कुरकुरत चहा प्यायले, आणि संध्याकाळी छातीत दुखू लागले. चहा काय, पुन्हा गरम करता आला असता. हे मी आजवर कुणाला सांगितले नव्हते. काल पलंगावर बसून त्या रिकाम्या जागेकडे पाहत मी पोटभर रडले, आणि बाहेर अर्धा सोडलेला नळ विसरून गेले.

चपला तरंगू लागल्या तेव्हा सर्जेराव दारात आले. म्हणाले, "आवो वहिनी, नळ बंद करा की! गाडीत बसून पोहाय शिकताय व्हय?" मी म्हटले, बंद करा असे अजून लिहिलेले नाही. (शपथेवर सांगते, तोंडातून हेच गेले.) त्यांनी दारावरचे सगळे वाचले. "सायबांनी हितवरच लिवलं व्हय," एवढेच बोलले आणि स्वतः जाऊन नळ बंद करून आले. त्यांच्या मैनाबाईंनी गाद्या गोठ्याच्या पत्र्यावर वाळत घातल्या. म्हशी आजही तिकडे संशयाने बघत आहेत.

तर गिऱ्हाइकास निश्चिंत कळवावे की नळ चालतो. फारच चालतो.

तुमची
पद्मजावहिनी

ता. क. : गिऱ्हाइकाला रविवारी येऊ देऊ नका. कधीच येऊ देऊ नका. गाडीला ओल आहे म्हणावे, म्हणजे खोटे बोलल्याचे पाप लागणार नाही.

आणखी एक ता. क. : त्याऐवजी रविवारी तुम्ही या. येताना जाड टोकाचे काळे पेन आणा. सातच्या पुढे तुमच्या हाताने लिहायचे आहे : टाकी भरताच नळ बंद करावा. शेवटी एखादा टोमणा नक्की घाला, नाहीतर मला ते ह्यांचे वाटणार नाही. कोणता, ते मला आधी सांगू नका. चहाचे आधण ठेवीन, पण तुमचे लिहून पुरे होईपर्यंत हाक मारणार नाही.