वन्सं आणि घाणेरी

९ फेब्रुवारी

परसदार आज उघडेचना! बाहेरून घाणेरीची फांदी आडवी आलेली. कोयता घेऊन निघाले, तर वन्सं वाटेत उभ्या — "वहिनी, किती गोड फुलं आहेत तिला. फुलपाखरं येतात."

"येतात, पण दुसरं एक रोप तरी जगू देते का ती?"

तोंड फिरवून आत गेल्या. हे गेल्यापासून आठ वर्षं आम्ही दोघीच या घरात, नणंद-भावजय. रुसल्या की घर कसं खायला उठतं!

१० फेब्रुवारी

अबोला.

१३ फेब्रुवारी

रोपवाटिकेवाल्यांना बोलावलं. इथल्या मातीतली झाडंच तेवढी विकतात. साठीचे, विधुर, बोलणं मोजकं. मी कोयत्यानं केलेली छाटणी पाहून म्हणाले, "ताई, ही तर तिची हजामत झाली. दुप्पट जोमानं येईल." मग कुदळीनं बुंधा उकरला, जमिनीखाली चार बोटं मूळ तोडलं आणि झुडूप उलटं ठेवलं — मुळं आभाळाकडे, म्हणजे पुन्हा रुजायला नको.

"आणि फुलपाखरांचं काय?" वन्सं खिडकीतून कडाडल्या.

"धायटी लावू, निर्गुडी लावू. तुमची फुलपाखरं उपाशी नाही राहणार."

वन्सं हसल्या. चार दिवसांनी!

२ मार्च

निम्मं परस मोकळं. हात ओरबाडलेत, साडीला तो उग्र वास, धुऊनही जात नाही. वन्संचा उत्साह माझ्याहून दांडगा. जन्मभर कचेरीत टंकलेखन केलं, आता कुदळ सोडवत नाही. माझ्या तळहातातला काटा त्यांनीच काढला — चष्मा नाकाच्या शेंड्यावर, जीभ दाताखाली. "हलू नका हो, लहान आहात का!"

काटा निघाल्यावरही हात थोडा वेळ धरून ठेवला. मीही काढून घेतला नाही.

११ जुलै

रोपं आली. पाच मागवली होती, रोपवाटिकेवाल्यांनी सात आणली. "दोन माझ्याकडून," म्हणे. कोणाला, ते काही बोलले नाहीत.

२० ऑगस्ट

पाखरांनी टाकलेलं बी! घाणेरीची पिल्लं जिकडेतिकडे. रोपवाटिकेवाले दर रविवारी येऊन उपटू लागतात. कोणी बोलावलेलं नसतं. "चहाच्या वेळेला बरे हजर," असं मी म्हटलं, तर वन्सं केवढ्या फणकारल्या — "माणूस इतक्या लांबून येतो, वहिनी!"

त्यांचा कप वन्सं स्वतः विसळतात. मला हात लावू देत नाहीत. आज लक्षात आलं. मी पण काय मठ्ठ!

२८ सप्टेंबर

निर्गुडीला पहिला जांभळा तुरा. दोघं तिच्यापाशी उभे. मी घरातूनच पाहिलं आणि पाऊल न वाजवता मागे फिरले.

९ ऑक्टोबर

भाजी निवडता निवडता वन्सं म्हणाल्या, "त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. वहिनी, या वयात... लोक हसतील का हो?"

"हसू देत. मी तर नाचणार!"

घट्ट मिठी मारली. मग रोपांना पाणी घालायचं निमित्त करून बाहेर आले आणि पोटभर रडले. डोळे पुसून आत गेले, तर वन्सं तिथेच बसलेल्या — मांडीवर तीच भाजीची जुडी, आणि डोळ्यांना धार.