पट्टी स्वच्छ

मंगळवार, १२ नोव्हेंबर
दुपारचे दोन

ताई,

नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत. आईचा गुडघा कुरकुरतोय, तोंड त्याहून जास्त. तुला धूमकेतू सापडल्याचं कळल्यापासून तिने शेजारणीला तीनदा आकाश दाखवलंय, तेही भर दुपारी.

आमच्या प्रयोगशाळेचे साहेब परवा म्हणाले, "बहिणीने टेकडीवर फोटो काढला, पण फिल्म तू शेकवलीस. तुझाही हात आहे बरं का यात!" मी नुसता हसलो. जेवणाचा डबा तसाच झाकून ठेवला.

शुक्रवारी तू वेधशाळेत सगळ्यांसमोर तो फोटो मांडणार आणि त्यावर तुझी नोकरी कायम व्हायची आहे, हे मला ठाऊक आहे. ताई, तो मांडू नकोस.

लगेच चिडू नकोस, आधी पूर्ण वाच. फोन केला असता, पण तिथला फोन कचेरीच्या मधोमध, आणि तुझा आवाज ऐकला की माझी दातखीळ बसते.

साधी फिल्म तासाभरात दमते. मग कितीही वेळ उघडी ठेवा, मंद उजेड टिपत नाही. म्हणून फिल्म टाकीत ठेवून आतली हवा काढायची, हायड्रोजन मिसळलेला वायू भरायचा आणि मंद आचेवर दिवसभर शेकवायची, हे तूच मला शिकवलंस. आणि हेही, की शेकलेल्या प्रत्येक रिळाचं टोक कापायचं, उजेड न दाखवता धुवायचं, आणि कोरं निघालं तरच डबीवर 'पट्टी स्वच्छ' लिहून सही करायची.

धूमकेतूच्या फोटोचं रीळ शेकवलं त्या दिवशीही मी टोक कापलं. पण धुण्याचं रसायन संपलं होतं. नवं कालवून गार व्हायला तास लागणार, आणि तुझ्याकडे येणारी गाडी दारात भोंगा वाजवत उभी. ड्रायव्हरकाका ओरडले, "अरे ढब्बू, देतोस की जाऊ?" मी म्हटलं, "आलो, आलो!" आणि लिहून टाकलं. सत्तर रिळं कोरी निघाली होती, एकाहत्तरावंच कशाला बिघडेल?

टोक फ्रीजमध्ये पडून राहिलं. काल तुझं पत्र आलं, सोबत फोटोची प्रतही. ढगांमुळे दुसरा फोटो मिळालाच नाही, पण 'डबीवर तुझी सही आहे, मग शंका कसली!' ती ओळ वाचली आणि ठरवलं, टोक धुवायचंच.

आज सकाळी ते टोक धुतलं. त्यावर चार फिकट डाग आहेत. गोल, कडेला पुसट, हुबेहूब तुझ्या धूमकेतूसारखे. टाकी मी नीट वाळवली नव्हती बहुतेक, ओल राहिली असणार.

तुझा धूमकेतू खराही असेल, कोण जाणे. पण त्या फिल्मवरून ते कुणालाच सांगता येणार नाही, तुलाही नाही. आणि उद्या तो आकाशात सापडला नाही, तर लोक हसतील ते तुला. टोकाची ती पट्टी पाकिटात घातली आहे, स्वतः बघ.

मी तुला चांगला ओळखतो. लहानपणी काच मी फोडायचो आणि बोलणी तू खायचीस. आताही 'तपासायचं माझंच राहून गेलं' म्हणशील आणि सगळं अंगावर घेशील. म्हणून हे पत्र लिहायच्या आधी साहेबांकडे गेलो. सगळं सांगितलं, लेखीही दिलं. त्यांनी ते वाचून काढलं. मग म्हणाले, "फोटो मागे घ्यायचा तर तिने घ्यावा. तिला तूच कळव." उद्यापासून फिल्मला मी हात लावायचा नाही.

हे पत्र आणणाऱ्या गाडीनेच साहेबांनी काल स्वतः शेकवलेलं रीळ येतंय. त्याची पट्टी त्यांनी माझ्यासमोर धुतली. ढग हटले तर पुन्हा बघ, पण शुक्रवारी कुणी विचारलं तर काय झालं ते जसंच्या तसं सांग. माझं नाव घेऊन सांग. रागावलीस तरी चालेल, महिनाभर पत्र लिहिलं नाहीस तरी चालेल, पण यावेळी माझ्यासाठी खोटं बोलू नकोस.

तुझा,
ढब्बू